अर्धो गडी

वडील काविळीने गेले तेव्हा मी चौथीत होतो. ते घरबांधणीच्या जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर कामाला होते. तरी आमचं घर मात्र मातीचं. मागची एक भिंत त्याच पावसात बसली आणि पुढे दोन वर्षं तशीच राहिली. आईने तिथे नारळाच्या झापांचा आडोसा केला. वारा आला की तो आडोसा रात्रंदिवस खडखडत असायचा, त्याचीही सवय झाली.

भात पोटापुरतं, तेही गणपतीपर्यंत पुरायचं नाही. बाकी जे काही होतं ते व्हाळाकाठच्या मळ्यात. व्हाळ म्हणजे आमच्या वाडीतून जाणारा ओढा. भात कापून झालं की त्याच्यावर दगडमातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते पाटाने खाली मळ्यात न्यायचं आणि मग उन्हाळाभर लाल भाजी, मुळा, वाली, मिरची. आई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन कट्टा गावच्या बाजारात जायची. माझ्या वह्या, माझी चप्पल, पुढे एसटीचा पास, सगळं त्या भाजीतून आलं. म्हणजे त्या पाण्यातून आलं. मी शिकलो तो व्हाळाच्या पाण्यावर, हे मी कुठेही सांगतो. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

बांधाचा नियम साधा होता. घरटी एक गडी. चार दिवस प्रत्येक घरातून एक पुरुषमाणूस बांधावर आला पाहिजे. दगड आणायचे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरायची, थरावर थर रचायचा. ज्याच्या घरचा गडी भरला त्याला पाण्याची पाळी, दर आठ दिवसांनी एक अख्खी सकाळ. घरात पुरुष नसेल तर बाई चालायची. पण बाई म्हणजे अर्धा गडी.

आता अर्धा गडी म्हणजे काय, तर चार दिवस बाकीच्यांबरोबर राबायचं आणि राहिलेलं अर्धं भरायला आणखी चार दिवस. पण बांध चार दिवसांत उभा राहायचा. मग बायकांना पाट दिला जायचा. पाट म्हणजे बांधापासून मळ्यापर्यंत गेलेला मातीचा चर. पावसाळाभर त्यात लाजाळू माजलेली, केवड्याची काटेरी पानं पडलेली, कडा ढासळलेल्या. पुरुष बांध पुरा करून, राखणदाराला कोंबडा देऊन, तिथेच व्हाळात सागोती शिजवून जेवायचे. राखणदार म्हणजे त्या जागेचा देव. आणि त्या जेवणाचा धूर वर जात असताना आई खाली पाटात कंबरेत वाकलेली असायची.

तिच्या बरोबरीने काकी. काकी सख्खी नव्हे, शेजारची. तिचा नवरा जहाजावर म्हणून गेला तो परत आला नाही. मेला म्हणावा तर खबर नाही, आहे म्हणावा तर पत्र नाही. मूलबाळ नव्हतं. वाडीत बिनपुरुषाची घरं दोन, त्यामुळे पाटात बायकाही दोनच.

मी अकरावीला गेलो त्या वर्षी आई म्हणाली, "औंदा तू जा बांधार. सोळा झाली तुका."

मी गेलो. हातपाय काटकीसारखे. पहिल्याच दिवशी एक दगड मला उचलेना. आई तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेऊन वाटेने चालली होती. ती थांबली, भारा खाली ठेवला, दगड उचलून माझ्या खांद्यावर दिला आणि भारा घेऊन निघून गेली. आमच्याकडे गावच्या मानकऱ्याला गावकार म्हणतात. बांधाचं सगळं त्याच्या हातात. चौथ्या दिवशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"मिशी फुटली नाय, तरी गडी तो गडीच. आजपासून ह्या घराची पुरी पाळी."

त्या दिवशी मी पहिल्यांदा राखणदाराच्या जेवणाला बसलो. केळीच्या पानावर वडे आणि सागोती. एका आजोबांनी आपल्या पानातली तंगडी उचलून माझ्या पानात टाकली. "खा रे गड्या." माझ्या वर्गातला मित्र शेजारी बसला होता, त्याने कोपर मारून डोळा मिचकावला. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बाप नसलेल्या पोराला वीस-पंचवीस पुरुष एकदम आपला म्हणतात तेव्हा काय होतं, ते ज्याला बाप आहे त्याला सांगून कळायचं नाही. मी घरी आलो तो छाती काढूनच. आईला त्या वर्षी पाटात उतरावं लागलं नाही. मळ्याला आठ दिवसांनी अख्खी सकाळ पाणी.

काकी मात्र पाटात एकटी उरली. ते मला तेव्हा दिसलंच नाही. म्हणजे डोळ्यांना दिसलं असेल.

पुढच्या वर्षी, मी बारावीत असताना, बांधाच्या पहिल्याच दिवशी काकी गावकारासमोर येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर चुंबळ.

"गावकारानू, एक विचारू?"

"विचार गो."

"तुमी माझ्या डोक्यार घमेला देतास, ता अर्धा भरतास काय? पुरा भरून देतास. मगे मी अर्धी कशी?"

सगळे हसले. गावकारही हसला. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. म्हणाला, "ह्या माझा मत नाय गो. वाडवडिलांपासून चालत इलेला."

मागून कोणीतरी ओरडला, "बायलांका पुरो गडी धरलो तर आमी काय घरात बसान भाकऱ्यो थापूच्यो?"

"थाप की," काकी म्हणाली. "तुका कोण आडयता?"

पुन्हा हशा. पण काकी हसत नव्हती. ती म्हणाली, औंदा माझी पाठ धरते, पाट एकटीने साफ होत नाही, चार दिवसच येईन आणि पाळी पुरी द्या.

आमच्या बांधावर काही ठरवायचं तर हात वर करायची पद्धत नाही. काठावर एक जुना आंबा आहे. ज्यांना गोष्ट मान्य असेल ते उठून आंब्याच्या सावलीत जातात, बाकीचे उन्हात बसून राहतात. मोजायची गरज लागत नाही, नुसतं बघितलं की कळतं. गावकार म्हणाला, "चालत इला तसाच चलूचा, ह्या ज्यांका मान्य, तेनी आंब्याखाली जावा."

एकेक करून सगळे उठले. मी दगडावर बसून होतो. उठायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं, आणि उठायचं असंही नाही. समोर काकी उभी होती. तिच्यामागे वाटेवर आई होती, माझी भाकरी घेऊन आलेली. मित्र उठता उठता माझ्या दंडाला धरून म्हणाला, "ऊठ मरे! बायलांवांगडा बसतलंस काय?" बायलांवांगडा म्हणजे बायकांबरोबर.

मी उठलो. वीस पावलं असतील. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की त्याने मला ओढलं. पण त्याने दंड पहिल्याच पावलाला सोडला होता. उरलेली एकोणीस मी माझ्या पायांनी चाललो. आंब्याची सावली गार होती, हे मला अजून आठवतं. तिथे पोचल्यावर हलकं वाटलं, हेही आठवतं. उन्हात एकही पुरुष उरला नव्हता.

काकीने चुंबळ नीट केली आणि माझ्या आईला म्हणाली, मला ऐकू येईल अशी, "बरो गडी झालो हो झील तुझो."

मला वाटलं होतं आई घरी गेल्यावर बोलेल. मी जेवताना खाली मान घालून वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "बरा झाला उठलंस ता. थय एकटो बसलो असतंस तर माझो जीव खालीवर झालो असतो."

त्याचं मला जास्त लागलं. तिने मला माफ केलं असतं तर चाललं असतं, रागावली असती तरी चाललं असतं. पण ती सुटल्यासारखी दिसत होती. सात वर्षं अर्धी म्हणून राबलेली बाई, आपला मुलगा तिला अर्धी म्हणणाऱ्यांत सामील झाला म्हणून सुखावली होती. कारण तिला माहीत होतं, वाडीपासून सुटून राहिलेल्या घराचं काय होतं ते.

काकीने चार दिवस भरले आणि पाटात उतरली नाही. म्हणून तिला अर्धीच पाळी मिळाली. पाट त्या वर्षी आईने, कोणी न सांगता, रोज थोडा थोडा करून साफ केला. तिची मिरची वाटेला लागून होती. मी रोज सकाळी एसटी पकडायला त्याच वाटेने जायचो. जानेवारीत पानं मुरडायला लागली. फेब्रुवारीत खालच्या दोन सऱ्या पिवळ्या पडल्या. मार्चमध्ये तिने त्या उपटून बांधावर टाकल्या. शेजारचा आमचा मळा हिरवागार. मी मान दुसरीकडे करून जायचो, पण वाट अरुंद आहे आमची, मान तरी किती फिरवणार?

आणि काकी थांबवायची. आधीही थांबवायची, तशीच. पदरातून मूठभर भाजके काजू नाहीतर उकडलेला कणगराचा कंद काढून माझ्या पिशवीत टाकायची. "घे. डोक्यात भरूक आधी पोटात कायतरी होया." ती बोलली नसती, तोंड फिरवलं असतं, तर मी सुटलो असतो. तिने तसं काही केलं नाही. मी ते काजू एसटीत खायचो. खाल्ले नाहीत असं लिहायला बरं दिसेल, पण मी खाल्ले. भूक असायची.

बारावी झाली. कुडाळला कॉलेजात नाव घातलं. वाडीतून कॉलेजात जाणारा मी एकटा नव्हतो, पण आमच्या घरातला पहिला. आजोबांना सही येत नव्हती, वडील सातवीपर्यंत. कॉलेजात पुस्तकं वाचून मला शहाणपण आलं असं म्हणण्याचा मोह होतो. खरं सांगायचं तर जे कळायचं ते मिरचीच्या वाटेवरच कळलेलं होतं. कॉलेजाने एवढंच केलं की वाडीच्या बाहेरही माणसं असतात आणि ती मला ओळखत नसली तरी मी मरत नाही, हे दाखवलं. त्याने धीर येतो.

त्या वर्षी बांधाच्या पहिल्या दिवशी गावकार एकेका घराचं नाव घ्यायला लागला. आमचं घर आल्यावर मी म्हणालो, "माका अर्धो धरा."

"काय झाला रे तुका? ताप-बीप इलो काय?"

"नाय. आई माझ्यापेक्षा जड दगड उचलता. ती अर्धी, तर मी पुरो कसो?"

मग हशा झाला तो असा की व्हाळाच्या पलीकडून म्हशी बघायला लागल्या. "कॉलेजात ह्यांच शिकयतत काय रे?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बायलो झालो तो, दुसरा काय?" बायलो हा आमच्याकडे पुरुषाला द्यायचा सगळ्यात वाईट शब्द. गावकार हसला नाही.

"अर्धो तर अर्धो," तो म्हणाला. "चार दिवस हय, मगे उतर पाटात."

मला वाटलं होतं निदान घरी तरी कोणी पाठ थोपटेल. आईला बातमी माझ्या आधी पोचली होती. ती चुलीपुढून उठलीच नाही.

"इतक्या वर्सांनी ह्या घराक पुरो गडी मिळालो. आणि तू स्वतःच्या तोंडान अर्धो करून इलंस? चार दिवस कमी पडले तर काय? माझी मिरची काय तुझ्या पुस्तकातला पाणी पितली?"

ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. माझं तत्त्व होतं, पण मळा तिचा होता. मी पाटाचे चार दिवस चुकवले असते तर पाणी तिचं कमी होणार होतं, माझं नाही. म्हणून मी ते चुकवले नाहीत. कॉलेज बुडवून पाटात उतरलो.

पाट हे काम मला सोपं वाटलं होतं. बांधावर दगड असतात, घाम असतो, ओरडा असतो, आणि झाल्यावर सगळ्यांना दिसतो. पाटात तण काढायचं आणि पुढे सरकायचं, त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पहिल्या तासात माझे पंजे केवड्याने फाटले. काकी मागून आली.

"हळू. खोरा मारू नको थय, कुर्लेचा भोक आसा."

कुर्ली म्हणजे खेकडा. पावसाळ्यात कुर्ल्या पाटाच्या कडांना आतून भोकं पाडतात. वरून काही दिसत नाही, पण पाणी सोडलं की ते वाटेतच गळून जातं. काकी पाटात थोडं पाणी घ्यायची आणि सुपातून भाताचा कोंडा त्यावर टाकायची. कोंडा सरळ वाहत गेला तर कड शाबूत. कोंडा एका जागी घुटमळला, कडेला ओढला गेला, की तिथे भोक. मग चिकणमाती आणि गवत मळून ते हाताने दाबून बुजवायचं. फावड्याने नाही, हातानेच.

"कोंडो खंय थांबता ता बघ. पाण्याकडे बघू नको."

हे माझ्या आईलाही येत होतं. बांधावरच्या एकाही पुरुषाला येत नव्हतं, कारण ते कधी पाटात उतरलेच नव्हते. पाणी सोडल्यावर ते खाली पोचतं, एवढंच त्यांना माहीत. का पोचतं, हे विचारायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती.

वाडीत माझं नाव पडलं अर्ध्या. क्रिकेट आम्ही कापलेल्या भाताच्या शेतात खेळायचो. मी गोलंदाज बरा होतो. एकदा तीन चेंडू टाकले आणि मित्राने चेंडू काढून घेतला. "अर्ध्याक अर्धीच ओव्हर!" सगळे लोळून हसले. मीही हसलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो नाही, आणि बोलवायला कोणी आलं नाही. शिमग्यात सगळी पोरं मिळून घरोघरी जातात, त्या वर्षी मी पायरीवर बसून त्यांचा आवाज ऐकला. आवाज आमच्या घराकडे आला आणि पुढे गेला.

मला कोणी मर्द समजू नये, शूर तर नाहीच. मी दोन वर्षांत निदान दहा वेळा ठरवलं असेल की जाऊन गावकाराला सांगावं, चुकलो, पुरो धरा. एकदा तर त्याच्या अंगणापर्यंत गेलो होतो. त्याची बायको म्हणाली, "काय रे, काय होया?" मी म्हटलं, "ताक आसा काय?" ताक पिऊन परत आलो.

तिसऱ्या वर्षी पाटाचे दिवस आणि माझी पाचव्या सेमिस्टरची परीक्षा एकत्र आली. काकी म्हणाली, "तू जा परीक्षेक. पाट खंय पळान जाता?" पण दुसऱ्याच दिवशी तिच्या टाचेत केवड्याचा काटा मोडला आणि पाय सुजला. आईही त्याच आठवड्यात तापाने पडली होती, त्यामुळे पाट तसाच राहिला. गावकाराने वाट बघितली नाही. बांध भरला होता, त्याने पाणी सोडलं.

शनिवारी शेवटचा पेपर देऊन मी आलो तेव्हा मळ्यात आरडाओरडा चालू होता. पाणी अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. गावकाराचा स्वतःचा मळा मधोमध, तो कोरडा. पुरुषांनी दिवसभर खोरी घेऊन कडा उकरल्या होत्या आणि भोकांची भगदाडं केली होती. आई डोक्याला फडकं बांधून मळ्याच्या टोकाला उभी होती. मला बघून म्हणाली, "पेपर बरो गेलो?" मी हो म्हटलं. "मगे झाला तर," ती म्हणाली. पण ती बघत होती पाटाकडेच. त्या पाण्यावर माझ्या शेवटच्या सहा महिन्यांचा पास होता, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी सगळी वाडी बांधावर. गावकाराने काकीला बोलावणं धाडलं. ती काठी टेकत आली, दुसऱ्या हातात कोंड्याचं सूप. कोणाशी न बोलता पाटाच्या कडेने चालायला लागली. कोंडा टाकायची, बघायची, आणि भोक दिसलं की कडेला एक काटकी खोचायची. मी मागून माती मळून बुजवत होतो. असं करत ती निम्म्या पाटापर्यंत आली, आणि एका दगडावर बसली.

"झाली?" गावकाराने विचारलं.

"माझ्या वाट्याची झाली," काकी म्हणाली. "मी अर्धी. अर्धी भोकां दाखयलंय. रवलेली अर्धी पुऱ्या माणसांनी शोधूची."

आधी हसली ती गावकाराची बायको. मग वाटेवर उभ्या असलेल्या सगळ्या बायका. पुरुषांना हसावं की रागवावं ते कळेना. गावकाराने टॉवेलने मान पुसली. कोरड्या मळ्याकडे बघितलं.

"बरा," तो म्हणाला. "पाऊण धरूया."

"पाऊण? म्हणजे एक पाय घरात ठेवन येव काय?"

"मगे सगळ्यांका इचारूया. बायलमाणूस पुरो गडी धरूचो, ह्या ज्यांका मान्य, तेनी आंब्याखाली जावा."

कोणी हललं नाही. काकीच्या बोलण्यावर आत्ता हसलेलेही दगडावर खिळून बसले. पुन्हा तीच वीस पावलं. मी उठलो आणि चालायला लागलो. मी हे धाडस म्हणून सांगत नाही. तोपर्यंत अर्ध्या म्हणून दोन वर्षं काढली होती, घालवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तरीही पाय जड झाले होते. मागे कोणी येतंय का, हे बघायची इच्छा इतकी होती की मान दुखायला लागली. सावलीत पोचलो. एकटाच.

"मरे, एकटो खंय चाललंस?" मित्राचा आवाज. तो उठला होता. का उठला, हे मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, "तू थय येडो कसो उभो होतंस, बघवना माका." काकीचा, पाण्याचा, न्यायाचा त्याने विचारसुद्धा केला नव्हता. तो आला म्हणून त्याचा भाऊ आला. भाऊ आला म्हणून आणखी दोघे. मग भसाभस.

मी सावलीत उभा राहून ते बघत होतो आणि आनंदाबरोबर एक कडू चवही तोंडात आली. पटून आलेला त्यांच्यात एखाददुसराच. बाकीचे एकमेकांच्या मागून आले, जसा मी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मागून आलो होतो. तेच पाय, तीच वाट, तोच आंबा. कळपाला दोष देणं सोपं आहे. पण त्या दिवशी तोच कळप काकीच्या बाजूने चालत आला, तेव्हा मी त्याला नावं ठेवली नाहीत. पहिलं पाऊल टाकणारा हवा असतो. आणि तो शूर असायला लागत नाही, एकटं पडायची सवय झालेली असली तरी चालतं.

पाचसहा म्हातारे उन्हात बसूनच राहिले. त्यांचा मान राखायचा म्हणून गावकार म्हणाला, औंदा पाऊण, पुढच्या वर्सा बघू. काकीने उठून उरलेली भोकं दाखवली. संध्याकाळी पाणी आमच्या मळ्यात उतरलं. आईने पहिल्या सरीत पाय बुडवला आणि मला म्हणाली, "ये, उभो रव हय." दोन वर्षांत तिने त्या विषयावर केलेलं तेवढंच भाष्य.

पाऊण गडी म्हणजे पाटात नेमके किती दिवस जास्त, हे त्या वर्षी कोणालाच काढता येईना. भांडणं व्हायला लागली. शेवटी गावकाराने मला बोलावलं. "तू शिकलेलो. तू सांग."

मी म्हटलं, "मी बी. ए. चो. गणिताचो नाय."

तो पहिल्यांदा माझ्यासमोर मनापासून हसला. पुढच्या वर्षी बांधाच्या पहिल्या दिवशी त्याने घरं घेतली तेव्हा अर्धो, पाऊण असं काही म्हटलंच नाही. काकीचं घर आल्यावर नुसतं म्हणाला, "एक." आणि पुढच्या घराकडे वळला. आंब्याखाली कोणाला जावं लागलं नाही.

आता बांधाचा निरोप वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. माझा मित्र रोज पहाटे मोटारसायकलने दोडामार्गावरून गोव्यात कामाला जातो, त्यामुळे बांधावर त्याची बायको असते. एकदा तो मला म्हणाला, "बरा झाला मरे, नायतर माझ्या घराक अर्धीच पाळी मिळाली असती." मी त्याला त्या तीन चेंडूंच्या ओव्हरची आठवण करून दिली. त्याला आठवत नव्हती. मला अजून तो अर्ध्याच म्हणतो. मी ओ देतो.

पाट आता सगळे मिळून साफ करतात. आई थकली, बांधावर मी जातो. काकी पाटात उतरत नाही, काठावर खुर्ची टाकून बसते, सूप मांडीवर. कोंडा टाकते आणि बोट दाखवते. तिचं बोट जिथे जाईल तिथे चारपाच पुरुष माती मळून वाकलेले असतात. राखणदाराच्या जेवणाला तिचं पान पहिल्या पंगतीत असतं.

मी बी. ए. झालो, आमच्या घरातला पहिला, आणि कट्ट्याच्या पलीकडे एका शाळेत शिकवतो. आमच्या वाडीच्या बांधावर बाईमाणसाला पूर्ण गडी धरतात. काकीच्या मिरचीला दर आठ दिवसांनी अख्खी सकाळ पाणी मिळतं.